प्रकटीकरण वाचून भीती का वाटते? शेवटचा काळ, रील्स आणि घरातली मुलं

सावली_पिंपरी

जय ख्रिस्त सगळ्यांना. जरा लांबच लिहितेय, सांभाळून घ्या.

मुलगी आठवीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाचं प्रकरण झालं ना, की २३-२४ तारखेला प्रभू येणार आणि मंडळी, म्हणजे विश्वास ठेवणारी माणसं, स्वर्गात उचलली जाणार, तेव्हापासून हिचं सुरू झालं. तारीख आली, गेली, काही झालं नाही, मला वाटलं संपला विषय. पण तिच्या फोनवर तेच तेच येत राहिलं, लाल चंद्र, युद्धं, इस्राएल, हातावरची खूण, एआय म्हणजेच श्वापद (दोन्ही बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं), आणि मागे राहिलेल्या माणसांचे रडतानाचे व्हिडिओ. आता मी भाजी आणायला खाली गेले आणि फोन उचलला नाही तर वर येईपर्यंत पोरगी पांढरीफटक पडलेली असते. रात्री उठून आमच्या खोलीत डोकावते, आम्ही जागेवर आहोत का ते बघायला.

परवा तिच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. समोरच्या फ्लॅटमध्ये तिची मैत्रीण राहते, हिंदू आहेत ते, तिच्यासाठी लिहिलेली. "आम्ही एकदम दिसेनासे झालो तर घाबरू नकोस. चावी तुझ्या आईकडे आहेच. बायबल कपाटात वरच्या खणात आहे, योहानपासून वाच. हातावर कसली खूण करून घेऊ नकोस." आणि खाली बारीक अक्षरात, "मनीला दूध घाल."

वाचून माझ्या पोटात कालवाकालव झाली. एवढंसं लेकरू हे सगळं एकटं मनात घेऊन फिरतंय. एका ओळखीच्यांना विचारलं तर ते म्हणाले भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा आहे, उपास-प्रार्थना करा. हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? मी स्वतः जन्मापासून चर्चमध्ये आहे पण प्रकटीकरण कधी धड वाचलेलं नाही, तो भाग आला की पान उलटते. ज्याला आपण तारणारा म्हणतो त्याच्या येण्याचीच धास्ती घ्यायची हे कुठेतरी चुकतंय असं मन सांगतं, पण नक्की कुठे ते कळत नाही. तुम्ही तुमच्या घरी कसं बोलता यावर?

वसईचा_पाऊस

ताई, आधी तिला जवळ घ्या. बाकी सगळं नंतर. रात्री लिहितो सविस्तर, आता ट्रेनमध्ये आहे.

जुनी_नगरकर

सावली बाळ, मी संडे स्कूलला पुष्कळ वर्षं शिकवलंय, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या वेळी रील्स नव्हत्या, पण बाहेरगावचे एखादे प्रचारक कापडी पडद्यावर सात डोक्यांचा पशू काढून आणायचे आणि त्या रात्री निम्मी मुलं आईला चिकटून झोपायची.

"भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा" हे म्हणणाऱ्याला प्रकटीकरणाचा पहिलाच अध्याय दाखव. योहानाने प्रभूला पाहिलं तेव्हा तो मेल्यासारखा त्याच्या पायाशी पडला. कोण योहान? ज्याने सगळं आयुष्य प्रभूसाठी घालवलं, आणि त्याच वचनापायी पात्म बेटावर होता तो. त्याचा विश्वास कच्चा होता का? आणि प्रभूने काय केलं, तर रागावला नाही. उजवा हात त्याच्यावर ठेवला आणि म्हणाला, भिऊ नको. अख्ख्या दर्शनाची सुरुवात अशी आहे. कर्णे, घोडे, पशू सगळं त्यानंतर येतं, हात ठेवल्यानंतर. लेकीला हे पहिलं वाचून दाखव.

दुसरं, हे पुस्तक पाठवलं कोणाला? आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. ही सगळी ठिकाणं आजच्या तुर्कस्तानात आहेत, स्मुर्णा म्हणजे आताचं इझमीर. तिथली माणसं आधीच घाबरलेली होती, कोणाला तुरुंगाची भीती, कोणाचा धंदा बुडालेला, कोणाचं माणूस मारलं गेलेलं. अशा माणसांना कोणी आणखी घाबरवायला पत्र लिहील का? त्यांना सांगायचं होतं की रोमचा बादशहा सिंहासनावर दिसतोय खरा, पण खरं सिंहासन दुसरं आहे आणि त्यावर कोण बसलाय ते तुम्हाला माहीत आहे.

आणि पाचवा अध्याय तर मी मुलांना हमखास वाचून दाखवायची. स्वर्गात एक गुंडाळी आहे, ती उघडायला लायक कोणी सापडत नाही म्हणून योहान रडतोय. तिथल्या वडीलजनांपैकी एक जण त्याला म्हणतो रडू नको, यहूदा वंशाचा सिंह आहे, तो उघडील. योहान सिंह बघायला मान वर करतो आणि त्याला दिसतो कोकरा, वधलेला, म्हणजे प्रभू येशूच. पुढच्या सगळ्या न्यायाच्या मुद्रा कोण फोडतो, तर हा कोकरा. म्हणजे जगाचा शेवट ज्याच्या हातात दिलाय त्याच्या अंगावर आपल्यासाठी झालेल्या जखमा आहेत. मुलं हे ऐकताना एकदम गप्प व्हायची आणि मग कोणीतरी विचारायचं, बाई म्हणजे तो आपल्या बाजूचा आहे? होय बाळा, आपल्या बाजूचा आहे.

इतिहासवेडा

चिठ्ठी वाचून गलबलून आलं. मला शास्त्रातलं जुनी_नगरकर बाईंएवढं कळत नाही, पण तारखांचा इतिहास थोडा वाचलाय, मुलगी आठवीत आहे म्हणजे हे तिला नक्की समजेल.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता, बाप्टिस्ट उपदेशक. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो माणसं वाट बघत बसली, काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला, लोक ढसाढसा रडले, इतिहासात त्याला महान निराशा असंच नाव पडलंय. मग अगदी आपल्या आठवणीतलं, हॅरल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचा उपदेशक, २१ मे २०११. मोठमोठे फलक लागले, लोकांनी साठवलेले पैसे त्यात घातले. काही झालं नाही म्हटल्यावर त्याने २१ ऑक्टोबर सांगितली, तीही गेली. पण त्याचं पुढचं कोणी सांगत नाही, २०१२ च्या मार्चमध्ये त्याने जाहीर पत्र लिहून मान्य केलं की तारीख ठरवायला जाणं हे पाप होतं. खूप म्हातारा होता तेव्हा. मला त्या पत्राबद्दल त्याचा आदर वाटतो.

आणि प्रभूने तर स्वतःच सांगून ठेवलंय, मत्तय २४:३६, त्या दिवसाविषयी दूतांनाही माहीत नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये पुनरुत्थानानंतर परत तेच, काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. जो कोणी तारीख सांगतो त्याचा व्हिडिओ तिथेच बंद करायला एवढं पुरे आहे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९ मे १७८०, अमेरिकेचा ईशान्येकडचा भाग, न्यू इंग्लंड. दिवसाढवळ्या आकाश काळं झालं, इतकं की दुपारी दिवे लावावे लागले, कोंबड्या खुराड्यात परतल्या. लोकांना वाटलं न्यायाचा दिवस आला. कनेटिकट राज्याचं विधिमंडळ चालू होतं, सभासद म्हणाले सभा तहकूब करा, घरी जाऊ. त्यात अब्राहम डेव्हनपोर्ट म्हणून एक जण होता, तो उठून म्हणाला की न्यायाचा दिवस एकतर येतोय किंवा येत नाहीये, येत नसेल तर तहकुबीचं कारणच नाही, आणि येत असेल तर मी माझं काम करताना सापडावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून मेणबत्त्या आणा. पुढे झाडांच्या खोडातल्या वलयांच्या अभ्यासावरून कळलं की कॅनडातल्या ओंटारिओकडे जंगलं पेटली होती, त्याचा धूर होता तो. पण डेव्हनपोर्टला त्या दिवशी हे माहीत नव्हतं! त्याला धुराचं कारण कळलं म्हणून तो शांत नव्हता. खरंच प्रभू आला असता तरी त्याची तयारी होती, हातात काम होतं. मला ही शांती हवीय.

रानफुल

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचं वाक्य आहे ना, उद्या जगाचा शेवट आहे कळलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन. तेच तर!!

इतिहासवेडा

रानफुल, वाक्य छान आहे पण लूथरच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही. त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा १९४४ चा आहे, जर्मनीतला, युद्ध ऐन भरात होतं तेव्हाचा. मला तर उलट हे जास्त भिडतं, की शहरं बॉम्बखाली जळत असताना तिथल्या कोणा ख्रिस्ती माणसाला झाड लावायची भाषा सुचत होती.

जागे_राहा

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. भीती काढून टाकली तर माणूस जागा कसा होणार. दहा कुमारींचा दाखला वाचा, दिवे घेऊन वराची वाट बघत होत्या, जादा तेल न घेतलेल्या पाच बाहेर राहिल्या, दार बंद झालं. चर्चमध्ये बसून लोक मोबाईल बघतात. आज युद्ध चाललंय, भूकंप होतायत, माणसाला थोडी धास्ती हवीच. मी स्वतः एका रात्री घाबरूनच प्रभूकडे वळलो, दारू सुटली, घर वाचलं. म्हणून मी हे मनापासून सांगतोय.

जुनी_नगरकर

जागे_राहा, तुझी साक्ष वाचून प्रभूचे आभार मानले. घर वाचलं ही फार मोठी गोष्ट आहे. तुझ्या बाबतीत त्याने ती भीती वापरली, मी नाही कशाला म्हणू.

पण दहा कुमारींचा दाखला तू पुन्हा एकदा सावकाश वाच. मत्तय २५ चं पाचवं वचन. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलक्या आल्या आणि त्या झोपल्या. दहाही! शहाण्यासुद्धा झोपल्या, आणि त्याबद्दल त्यांना एका शब्दाने दोष दिलेला नाही. फरक तेलाचा होता. तेल बरोबर असल्यावर शहाण्या निवांत झोपल्या आणि हाक आली तेव्हा उठल्या. सावलीच्या लेकीला मला हेच सांगायचंय, की बाळा, झोपणं म्हणजे बेसावध असणं नव्हे. रात्रभर टक्क डोळे उघडे ठेवून प्रभू येईपर्यंत पहारा करायचं काम त्याने तुला दिलेलंच नाही.

आणि त्याच अध्यायात पुढे न्यायाच्या वेळी वेगळी केलेली मेंढरं-शेरडं येतात. तयार असलेल्यांनी काय केलं होतं, तर भुकेल्याला जेवू घातलं, आजाऱ्याला भेटले, तुरुंगात गेले. त्यांना आपण काही विशेष केलंय हेही ठाऊक नव्हतं. ते उलट विचारतात, प्रभू आम्ही तुला कधी पाहिलं? माणसांत रमलेले होते बिचारे.

दारू सोडायला भीतीने उठवलं, ठीक. पण आजही तू रोज घाबरूनच दारूपासून लांब राहतोस का? मनापासून विचारतेय.

जागे_राहा

नाही बाई. आता भीती नाही. आता बायकोमुलं संध्याकाळी दारात वाट बघतात त्याचं सुख आहे, आणि त्याने मला टाकलं नाही हे कळलंय. तुमचं म्हणणं समजलं. तेलाचा मुद्दा मी असा कधी ऐकला नव्हता.

मारानाथा७७

मी ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत वाढलो. आमच्याकडे मंडळी उचलली जाणार, मग महासंकटाचा काळ, मग हजार वर्षांचं राज्य असं शिकवतात आणि मी ते आजही मानतो, तेव्हा कृपया सगळा दोष त्या शिकवणुकीवर टाकू नका. इथे इतिहासवाले सांगतील की ही मांडणी १८३० च्या सुमारास ब्रदरनांच्याच जॉन नेल्सन डार्बीपासून पसरली, १९०९ च्या स्कोफील्डच्या टिपांच्या बायबलमुळे घराघरात गेली, हो, माहीत आहे मला. इतर मंडळ्या वेगळं मानतात हेही माहीत आहे, प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनपासून कितीतरी जण हजार वर्षांचा अर्थ वेगळा लावत आलेत.

पण आमच्या वडीलधाऱ्यांनी हे कधी भीती म्हणून सांगितलं नाही. आमच्या घरी त्याला धन्य आशा म्हणतात, तीताला लिहिलेल्या पत्रातला शब्द. माझे आजोबा अंथरुणाला खिळलेले असताना सकाळी खिडकी उघडायला सांगायचे आणि म्हणायचे, आज येतो का बघू. दम्याने बोलता येत नव्हतं पण चेहरा असा की मामा गावावरून येणार असल्यावर पोराचा होतो तसा. भीती बाहेरून आली, सिनेमातून, रील्समधून, जिथे उचलले जाण्यात प्रभू कुठेच नसतो, नुसते रिकामे कपडे आणि आदळलेल्या गाड्या. थेस्सलनीकाकरांच्या पत्रात तो भाग कसा संपतो बघा ना, ४:१८, "म्हणून ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा." तिथल्या माणसांचा प्रश्न होता की आमची जी माणसं आधी वारली ती मागे राहणार का, आणि पौल सांगतोय नाही, ती आधी उठतील, मग आपण सगळे एकत्र. सगळा भाग एकत्र येण्याबद्दल आहे. रील्सनी तो ताटातुटीचा करून टाकलाय.

जुनी_नगरकर

मारानाथा, मी एवढ्या तपशिलाने मानत नाही, पण तुझ्या आजोबांच्या खिडकीपाशी मला बसायला आवडलं असतं.

वसईचा_पाऊस

काल लिहितो म्हणालो आणि राहिलंच. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे उचलले जाण्याची भाषा फारशी नाही, पण प्रत्येक मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, आपण म्हणतोच की ख्रिस्त पुन्हा येईल. आणि 'आमच्या बापा' या प्रार्थनेनंतर फादर जी प्रार्थना म्हणतात ती कधी लक्ष देऊन ऐका. आधी आमच्या दिवसांत शांती दे अशी मागणी, मग सर्व संकटांतून सांभाळ, आणि लगेच आमच्या तारणाऱ्याच्या येण्याची वाट बघत असताना, असं. शांती मागणं आणि वाट बघणं एकाच दमात. त्यानंतर आपण वळून शेजारच्याला शांती देतो. रोजच्या मिस्सात शेवटच्या काळाची एवढी साधी शिकवण आहे आणि आपण ती घाईघाईत म्हणून टाकतो.

आगमनकाळही बघा, नाताळच्या आधीचे चार रविवार. पहिल्या रविवारची वाचनं गोठ्यातल्या बाळाबद्दल नसतात, ती दुसऱ्या येण्याबद्दल असतात. म्हणजे चर्चने मुद्दाम ही भीतीदायक वाटणारी वाचनं कंदील लावायच्या, करंज्या तळायच्या दिवसांत ठेवलीत. मुलीला विचारा, बाळ येशूची भीती वाटते का? तोच येणार आहे, दुसरा कोणी नाही.

तिला सोप्या मराठीत वाचायला द्यायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं, टिपा आहेत, माझ्या पुतण्याने त्यातूनच वाचलं.

मिरजेची_सिस्टर

मी आयसीयूत काम करते, त्यामुळे माझा शेवटच्या काळाशी संबंध रोजचा आहे, फक्त एकेका माणसाच्या. जग केव्हा संपेल माहीत नाही पण माझ्या वॉर्डात कोणाचं ना कोणाचं आज संपतंच. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर आम्ही दिवस मोजायचं सोडून दिलं होतं. त्याच वेळी फॉरवर्ड फिरत होते की लसीतून श्वापदाची खूण टोचतायत. आमच्या ओळखीतले एक काका त्या भीतीने लस न घेता राहिले आणि गेले. मला अजून त्यांच्या मुलीच्या डोळ्यांकडे बघवत नाही. म्हणून सांगते, ही भीती निरुपद्रवी नाही, तिच्यापायी जीव जातात.

शांतीने मरणारी माणसंही मी पाहिलीत. सगळ्याच ख्रिस्ती माणसांना तशी मिळते असं मी म्हणणार नाही, खोटं होईल ते. पण एक आज्जी होत्या, ऑक्सिजनवर, त्या मास्क बाजूला करून मला म्हणायच्या, सिस्टर तुम्ही जेवलात का. शेवटच्या रात्रीसुद्धा. जिला आपण कोणाच्या हातात आहोत हे पक्कं माहीत असतं ना, तिला दुसऱ्याच्या जेवणाची काळजी करायला मन मोकळं राहतं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटलं.

सावलीताई, आता नर्स म्हणून. फोनमधून ते अकाउंट ब्लॉक करा, रस नाही हे बटण दाबा, आणि तिच्याबरोबर बसून करा म्हणजे तिला शिक्षा वाटणार नाही. रात्री जेवणानंतर फोन बाहेरच्या खोलीत, तुमचेसुद्धा. रात्री प्रकटीकरण अजिबात वाचू नका, दिवसा उजेडी वाचा. रात्री स्तोत्र १२१ किंवा ४, लहान आहेत, पाठ होतात. आणि जर झोप, खाणं, शाळा यावर परिणाम चालूच राहिला, छातीत धडधड होत असेल, तर समुपदेशकाकडे न्या, टेलिमानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

कोथरूडची_मीरा

मी ख्रिस्ती नाही, शीर्षक बघून वाचत आले. ती चिठ्ठी ज्या मैत्रिणीला आहे तिच्या जागी माझी मुलगी असू शकते म्हणून लिहितेय. वाईट नाही वाटलं, उलट रडूच आलं, त्या मुलीला आपल्यापेक्षा मैत्रिणीची चिंता जास्त आहे. पण एक विचारते, तुम्ही इतके सगळे तिला सांगताय की तू सुरक्षित आहेस. तिची भीती ती नाहीये ना? तिला वाटतंय मैत्रीण मागे राहील. त्याचं काय सांगणार?

सावली_पिंपरी

मीराताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. काल रात्री ती हेच म्हणाली. मला चालेल गं आई, पण ती एकटी राहील.

जुनी_नगरकर

मीरा, तू विचारलंस ते बरं झालं. आम्ही आमच्याच नादात होतो.

मी त्या लेकराला काय सांगेन ते लिहिते. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात देव ज्याचा नाश करणार होता अशा परक्या गावासाठी अब्राहाम देवासमोर उभा राहून भांडतो. त्या गावात त्याचा पुतण्या राहत होता. पन्नास नीतिमान माणसं सापडली तर गाव वाचव, इथून सुरू करून तो आकडा दहावर आणतो. आणि म्हणतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? देव त्याच्यावर चिडत नाही, प्रत्येक वेळी हो म्हणतो. तेव्हा मैत्रिणीसाठी भांडावंसं वाटणं हे देवाला आवडणाऱ्यातलं आहे. तिने रोज रात्री तिचं नाव घेऊन प्रार्थना करावी आणि ते नाव त्याच्याकडे सोपवून झोपावं. कोणाचं काय होईल याचा हिशेब तेरा वर्षांच्या पोरीने ठेवायचा नाही, माझ्यासारख्या म्हातारीनेही नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याचं त्या मैत्रिणीवरचं प्रेम माझ्या-तुझ्यापेक्षा आणि त्या चिठ्ठीपेक्षाही मोठं आहे, त्याने तिच्यासाठी रक्त सांडलंय. हे मी मानते म्हणून सांगतेय, तुला पटलंच पाहिजे असं नाही मीरा.

आणि लेकीला म्हणावं चिठ्ठी लपवायची काय गरज. ज्या येशूवर तुझं प्रेम आहे त्याबद्दल मैत्रिणीशी दिवसाढवळ्या, खेळताना, डबा खाताना मोकळेपणाने बोलावं, तिचंही ऐकावं, आणि मैत्री कशावरही अवलंबून ठेवू नये.

कोथरूडची_मीरा

पटलं नाही पटलं तो भाग वेगळा, पण असं कोणी माझ्या मुलीसाठी रोज प्रार्थना करत असेल तर मला ते हवंच आहे.

पुण्याचा_पाळक

मी एका लहान मंडळीत सेवा करतो. एकच भर घालतो. १ योहान ४:१८ आपण सगळे म्हणतो, "पूर्ण प्रीती भीती घालवून देते." पण त्याच्या आदलं वचन कोणी वाचत नाही, १७ वं. तिथे विषय न्यायाच्या दिवसाचाच आहे, त्या दिवशी आपल्याला धैर्य असावं म्हणून ही प्रीती आपल्यात पूर्ण झाली, असं. म्हणजे हे वचन अंधार, साप, परीक्षा अशा किरकोळ भीतीबद्दल लिहिलेलं नाही, नेमकं ह्याच भीतीबद्दल आहे.

१५६३ साली जर्मनीत हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणारं पुस्तक, तयार झाली, त्यात बावन्नावा प्रश्न आहे की ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येणार याने तुला कोणतं सांत्वन मिळतं? प्रश्नच असा! कोणती भीती वाटते असं नाही विचारलेलं. आणि उत्तराचा भावार्थ हा की ज्याने माझ्या जागी उभं राहून माझा न्याय स्वतःवर घेतला तोच न्यायाधीश म्हणून येतोय, म्हणून मी डोकं वर करून त्याची वाट बघतो. ते डोकं वर करणं लूक २१:२८ मधलं आहे. युद्धं, समुद्राची गर्जना, माणसं भीतीने गर्भगळीत, आणि प्रभू म्हणतो तुम्ही मात्र नीट उभे राहा.

श्वापदाचा आकडा ६६६, त्यावरून मुलं मला फार विचारतात, तेवढंही सांगून टाकतो. तेव्हा अक्षरांनाच आकड्यांची किंमत असायची, आणि रोमचा बादशहा नीरो कैसर याचं नाव इब्री अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत तो आकडा ६१६ आहे, तोही त्याच नावाच्या दुसऱ्या स्पेलिंगने जुळतो. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की पहिल्या वाचकांना तो आकडा ओळखीच्या छळवाद्याचा वाटला असणार. आधार कार्ड, बारकोड, यूपीआय यांना तो लावत बसणं सोडा.

केडगाव_लाइन

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? जगाचा शेवट कोणी जवळून पाहिला असेल तर त्यांनी. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, भाऊ गेला, लग्नानंतर दीड-दोन वर्षांत नवरा गेला. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच काळात पुण्यात प्लेग, तेव्हा माणसं सहज म्हणू शकली असती की झालं, संपलं. बाई काय करत होत्या? मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणत होत्या. केडगावच्या उजाड जमिनीवर विहिरी, झाडं, शाळा, छापखाना, आणि छापखाना चालवणाऱ्या बायकाच. प्रभू येणार यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता हो, त्यांना कोणी कोमट ख्रिस्ती म्हणू शकणार नाही. पण त्या विश्वासाने त्यांना विहीर खणायला लावली. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

मी त्या लाइनवरून रोज जातो, स्टेशन आलं की हे आठवतं.

सावली_पिंपरी

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. थोडं काय काय झालं ते सांगते.

रविवारी दुपारी गॅलरीत बसून आम्ही दोघींनी पहिला आणि पाचवा अध्याय वाचला. हात ठेवण्याचं वाचल्यावर ती म्हणाली परत वाच. कोकऱ्यापाशी तिने विचारलं, मग घोडे कशाला सोडतो तो? मला उत्तर आलं नाही, मी म्हटलं विचारून सांगते. पाळकसाहेब हे तुमच्याकडे. दहा कुमारी झोपल्या हे ऐकून तर ती हसली, बऱ्याच दिवसांनी. अकाउंटं तिनेच ब्लॉक केली. रात्रीचं डोकावणं अजून आहे, पण आता डोकावून परत जाते, आधी आमच्याच खोलीत बसून राहायची. सिस्टर, पुढच्या आठवड्यात शाळेच्या समुपदेशक बाईंची वेळ घेतलीय.

चिठ्ठीबद्दल बोललो. ती म्हणाली मी तिला स्वतः सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने, तू मध्ये येऊ नकोस. बरं म्हटलं.

पुण्याचा_पाळक

घोड्यांचा प्रश्न मोठ्यांनाही अवघड जातो, तिला सांगा चांगला विचारलास. थोडक्यात, लढाई, दुष्काळ, मरण हे घोडे जगात आधीपासूनच धावतायत, ते कोकऱ्याने नव्याने शोधून काढले नाहीत. मुद्रा तो फोडतो याचा अर्थ मी असा घेतो की ते मोकाट नाहीत, त्यांना किती धावायचं ती मर्यादा त्याच्या हातात आहे. आणि पाचव्या मुद्रेपाशी वेदीखालून मारलेल्यांचा आवाज येतो, हे प्रभो, कोठवर? म्हणजे हा प्रश्न विचारायची त्या पुस्तकातच परवानगी आहे. स्वर्गात जाऊनही लोक तो विचारतायत.

कोणी मुलांबरोबर वाचणार असेल तर मी हा क्रम घेतो, पहिला अध्याय, मग चौथा-पाचवा, मग एकदम शेवटचे दोन, २१ आणि २२, म्हणजे गोष्ट कुठे पोचते ते आधी कळतं, देव स्वतः डोळ्यांचे अश्रू पुसतो तिथे. मग सात मंडळ्यांची पत्रं, एकेका बैठकीला एकच. ६ ते १९ मोठ्यांबरोबर, सावकाश, आणि प्रत्येक वेळी मधली गाणी मोठ्याने म्हणत, कारण त्या अध्यायांत संकटांइतकीच गाणी आहेत आणि व्हिडिओवाले ती गाळतात.

आमच्या तरुण संघात येत्या रविवारपासून पहिला अध्याय घेतोय. मुलांचे प्रश्न इथेच टाका, नावं नको, नुसते प्रश्न. मी सोमवारी रात्री उत्तरं लिहीन, जुनी_नगरकर बाई तुम्हीही बघा.

जुनी_नगरकर

बघते. माझ्या नातवाचा पहिला प्रश्न घ्या, नव्या पृथ्वीवर समुद्र नाही असं २१:१ मध्ये लिहिलंय, मग मासे कुठे जाणार?